एक शेळी, एकतीस कर्जं

दिंडोरीच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध, एक गाव आहे. त्या गावात सगुणाबाई गांगुर्डे राहते हे कुणी सांगावं लागत नाही, ते ऐकू येतं. सकाळी सहाला ती आपल्या ओट्यावर उभी राहून "चला गंऽ" म्हणते, तेव्हा शेवटच्या गल्लीतल्या बायका डब्याला झाकण लावतात, शाळेचे मास्तर घड्याळ जुळवतात आणि तिचा नवरा सोमनाथ कूस बदलतो. सोमनाथ चांगला माणूस आहे. या गोष्टीत त्याचं एवढंच काम आहे, आणि गोष्टीबाहेरही याहून फार नाही.

सगुणाबाईचं वय अठ्ठेचाळीस. अठरा बायकांची टोळी तिच्या हाताखाली. छाटणी झाली की घडांची विरळणी करायची, मग एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, म्हणजे मणी फुगतात आणि परदेशातल्या लोकांच्या तोंडाला शोभतात. हे सगळं या बायका करतात, आणि त्यांची मजुरी ठरवायला बागायतदारापुढे सगुणाबाई उभी राहते. कोण दुधाचा चहा देतो, कोण काळा देतो आणि कोण नुसतंच "पाणी पिऊन घ्या" म्हणतो, याची तिच्याकडे यादी आहे. ती यादी ती बागेत, मालकाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, अधूनमधून वाचून दाखवते.

अशी बाई कंपनीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

कंपनी म्हणजे बायकांना गटानं कर्ज देणारी. पूर्वी वार देवांचे असत. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. आता सोमवार एका कंपनीचा, मंगळवार दुसरीचा आणि गुरुवार तिसरीचा. कंपन्यांची नावं सगळी बारशाला ठेवावीत अशी गोड आणि एकसारखी, म्हणून बायकांनी ती लक्षात ठेवायचा नाद सोडला. मंगळवारवाली, गुरुवारवाली, एवढ्यानं भागतं. देवाचा वार चुकला तर देव समजून घेतो. या वारांचं तसं नाही.

सगुणाबाई मंगळवारवालीची केंद्रप्रमुख. या पदाला पगार नाही, पण एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं आणि "उत्कृष्ट केंद्र" असं लिहिलेला एक कागद. तो कागद तिनं काचेत घालून देवीच्या शेजारी लावला होता. सहा वर्षांत केंद्राचा एक हप्ता चुकला नव्हता. दर मंगळवारी साडेसहाला समाजमंदिराच्या ओट्यावर सहा-सहाच्या तीन रांगा बसायच्या, आणि सगुणाबाई त्यांच्यासमोर उभी राहून शपथ सांगायची. "आम्ही हप्ता वेळेवर भरू! आमची मैत्रीण अडली तर आम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहू!" तिच्या आवाजानं पिंपळावरचे कावळे उठून शेजारच्या गावच्या पिंपळावर जाऊन बसत. शपथेतल्या दुसऱ्या वाक्याचा कंपनीचा अर्थ असा की मैत्रिणीनं भरलं नाही तर तुम्ही भरा. आणि ते पूर्ण भरलं जाईपर्यंत रांगेतून कुणी उठायचं नाही.

वसुलीला येणारा गोरक्ष चांदवडकडचा, कांदेवाल्या घरातला, बी. कॉम. झालेला, वय तीस. एका मोटारसायकलवर चौदा केंद्रं सांभाळताना त्याच्या कमरेचं जे झालं होतं ते पाहून बायकांनीच त्याला एरंडाच्या पानाचा शेक सुचवला होता. अतिशय नम्र. कर्जाच्या कार्डामागे छापलेलं असायचं की आमचा प्रतिनिधी सौजन्यानं वागेल, आणि गोरक्ष त्या वाक्याबाहेर कधी पाऊल टाकत नसे. पैसे कमी पडले तर तो रागवायचा नाही, धमकी द्यायचा नाही. मांडीवर टॅब ठेवायचा आणि म्हणायचा, "मी काही म्हणत नाही, मावशी. मी फक्त बसतो."

आता शेळीचं.

कर्ज मागताना टॅबवर एक यादी उघडायची. कर्ज कशासाठी? शेळीपालन, म्हैस, शिलाई मशीन, किराणा, भाजीपाला, बांगड्या. आजारपण त्या यादीत नव्हतं. पोरांची फी नव्हती. उडालेले पत्रे नव्हते. यादी करणाऱ्याच्या मते गरीब बाईला आजार होत नसावा, तिला फक्त धंदा होत असावा. भागीबाईला पिशवीचं ऑपरेशन करायचं होतं. गोरक्षनं यादीवरून बोट वरखाली फिरवलं आणि सगळ्यांत वरचं दाबलं. भागीबाईची पिशवी निघाली ती शेळीपालनाखाली. उज्वलाच्या घराचे पत्रे शेळीपालनात बसले. निकितानं गुरुवारवालीचा थकलेला हप्ता फेडायला मंगळवारवालीचं कर्ज काढलं, तेही शेळीपालन. सहा वर्षांत त्या केंद्रावर शेळीसाठी एकतीस कर्जं उचलली गेली.

एकतीसपैकी एक कर्ज खरं होतं. खातूनबीचं. तिनं खरोखरच शेळी घेतली होती.

आणि कंपनीचा नियम असा की कर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी वस्तूसोबत बाईचा फोटो काढायचा. तेव्हा खातूनबीची चांदनी कामाला आली. पांढरीशुभ्र, एक कान काळा, स्वभावानं जरा मिजासखोर. भागीबाईसोबत तिचा फोटो समोरून झाला, उज्वलासोबत बाजूनं, आणखी कुणासोबत काळ्या कानावर पदर टाकून. निकिताच्या वेळेला नवीन काहीच सुचेना, म्हणून मागून काढला. त्या फोटोत शेळीही पाठमोरी आहे आणि निकिताही. खातूनबीचा दर ठरलेला होता, फोटोला घासाची एक पेंढी. कर्जाच्या दिवसांत चांदनी चांगली अंगानं भरायची.

हे गोरक्षला माहीत होतं. फोटो तोच काढायचा. त्याच्या वरच्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत नसणं हे वरच्याचं कामच असतं.

नोव्हेंबरात खातूनबीचा नवरा अन्सार बागेत फवारणी करत होता. ट्रॅक्टरच्या मागच्या ब्लोअरची नळी फुटली आणि औषधाचा फवारा तोंडावर आला. डोळे सुजून मिटले, छाती भरली. ना चष्मा, ना तोंडाला काही. बागेच्या मालकानं पाच हजार रुपये दिले आणि नंतर फोन उचलणं सोडलं. अन्सार नाशिकला सिव्हिलमध्ये होता. खातूनबी टोळी सोडून रोज डबा घेऊन एसटीनं जात-येत होती. घरात लेकीची दोन वर्षांची अलिशा. लेक बाळंतपणात गेली, तेव्हापासून ती पोर आजीकडेच होती, आणि चांदनीच्या दुधावर होती. चांदनी आता पुन्हा गाभण होती. जानेवारीत व्यायली की दोन पिलं होतील, ती विकून वर्ष ढकलायचं, एवढी एकच गोष्ट खातूनबीच्या हिशोबात अजून उभी होती.

तिचा आठवड्याचा हप्ता सहाशे चाळीस. पहिल्या मंगळवारी बायकांनी तो वर्गणी काढून भरला, आणि वर डब्यासाठी भाकरीही दिल्या. दुसऱ्या मंगळवारी वर्गणीला हात आखडले. गोरक्ष बसला. बायका बसल्या. साडेसातला पिकअप आली, ड्रायव्हरनं चार वेळा हॉर्न दिला आणि शेवटी तो दुसऱ्या गावची टोळी भरायला निघून गेला. साडेनऊला कसेबसे पैसे जमले. सहाशे चाळीस रुपये मिळवण्यासाठी खातूनबी सोडून, सगुणाबाई धरून अठरा बायकांची चारशे रुपयांची हजेरी बुडाली. सात हजार दोनशे! हा हिशोब सगुणाबाईनं तिथंच, पायरीवर उभी राहून, तोंडी केला. पण राग कुणावर काढायचा हे तिला तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांनी मिळून, जी तिथं नव्हती तिच्यावर काढला.

"रोज नाशिकला जाती, एसटीला पैसे हायेत ना?" निकिता म्हणाली.

"अर्धं तिकीट हाय गं बायांना."

"मग अर्धा हप्ता तरी भरावा!"

तिसरा मंगळवार उजाडला. खातूनबी आली नाही, पैसेही आले नाहीत. गोरक्षनं टॅब मांडीवर ठेवला. "मी काही म्हणत नाही."

मग थोड्या वेळानं, कुणाकडे न बघता, तो म्हणाला, "मावशी, तुमची ऐंशी हजारांची फाईल वर गेलीय. मनालीच्या फीची. केंद्राचं रेकॉर्ड स्वच्छ असलं की लगेच सही होते."

मनाली सगुणाबाईची धाकटी. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रवेश, नाहीतर पुढचं वर्ष. पांढऱ्या कपड्यातली मनाली सगुणाबाईनं मनातल्या मनात केव्हाच दवाखान्यात उभी केली होती आणि तिच्याकडून सगळ्या टोळीचे बीपी मोजून घेतले होते.

ती उठली. "चला," म्हणाली. तीन रांगा तिच्या मागं निघाल्या. गोरक्ष ओट्यावरच राहिला. तो कधीच बरोबर जात नसे.

खातूनबी दारात डबा बांधत होती. सतरा बायका कुडाबाहेर थांबल्या, सगुणाबाई आत गेली. दोघी बावीस वर्षांच्या जोडीदारणी. एका ओळीत दोघी दोन बाजूंनी घड धरायच्या आणि वेलीच्या मधून एकमेकींच्या नवऱ्यांची निंदा करायच्या.

"खातूनबी, किती हाय तुझ्याकडं?"

"एसटीपुरते हायेत." तिनं डब्याची गाठ मारली. "सगुणा, तू एवढी बारात घेऊन आली ती विचारायला नाय आली. बोल ना सीधं."

"बाया ऐकत नाय. मागच्या मंगळवारची हजेरी गेली त्यांची."

"अन्सारची तर नजर गेली असती."

"माहीत हाय गं मला."

"मग?"

सगुणाबाईनं खुंटीकडे पाहिलं. चांदनी रवंथ करत उभी होती. खातूनबीनंही तिकडं पाहिलं. आत अलिशा वाटी वाजवत होती.

"घेऊन जा," ती शेवटी म्हणाली. "कागदावर तर तुझीच हाय. तुझी, भागीची, त्या बाहेर उभ्या निकिताची. सगळ्यांची हाय, फक्त चारा मी घातला." तिनं स्वतः दोर सोडला आणि सगुणाबाईच्या हातात दिला. "दूध सकाळी काढायचं. डाव्या सडाला हळू लाव, दुखरा हाय."

सगुणाबाईनं शिव्यांची तयारी करून ठेवली होती. रडण्याची, भांडणाचीही. डाव्या सडाची नव्हती.

शेळी तिच्या अंगणात बांधली गेली. व्यापारी शुक्रवारी येणार होता, नऊ हजार बोलला होता. गाभण शेळीला नऊ म्हणजे लूटच, पण बायकांना घाई होती. त्या भरवशावर सगुणाबाईनं टोळीच्या पैशातून सहाशे चाळीस भरले. गोरक्षच्या टॅबवर हिरवी खूण उमटली. तो "धन्यवाद, मावशी" म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून पुढच्या केंद्रावर बसायला गेला.

बुधवारभर चांदनीनं पाला तोंडात धरला नाही. सगुणाबाई कामावरून आली तेव्हा पाला तसाच आणि शेळी कुडाकडे तोंड करून उभी. मनाली पायरीवर बसली होती.

"आई, अलिशाला आज भागीमावशीनं चहात पाव दिला."

"मग मी काय करू?"

"मी कुठं काय म्हणते?"

हेच वाक्य! सगुणाबाईनं हातातली पिशवी आदळली. "तू त्या गोरक्षसारखी बोलू नको माझ्याशी!" ती ओरडली. मग शेळीला ओरडली, "खाय की गं भवाने!" मग आत जाऊन, काही कारण नसताना, सोमनाथला ओरडली. सोमनाथनं सवयीनं कूस बदलली. एवढं ओरडूनही तिचा राग जागच्या जागी होता. मापाचा माणूसच सापडत नव्हता त्याला.

गुरुवारी ती कामावरून परतली तेव्हा दारात पांढरी गाडी उभी. गाडीतून पुण्याच्या तेजस्विनी मॅडम उतरल्या, एक कॅमेरावाला उतरला आणि सगळ्यात शेवटी, पडक्या चेहऱ्यानं, गोरक्ष उतरला. मॅडमना कंपनीच्या संगणकावर हे गाव दिसलं होतं. एकतीस शेळ्या, शंभर टक्के वसुली. त्यांना यावर चार मिनिटांची फिल्म करायची होती. ती पुढं परदेशात, ज्यांचे पैसे कंपनी वापरते त्यांना दाखवायची होती. बिचारे तिकडं बसून आपल्या पैशाच्या शेळ्या मोजत असणार.

"बाकीच्या शेळ्या कुठं आहेत?" मॅडमनी अंगणात एकच शेळी पाहून विचारलं.

"चरायला गेल्यात, मॅडम," गोरक्ष म्हणाला. "डोंगराला."

गावापासून आठ किलोमीटरपर्यंत डोंगर नव्हता. मॅडमनी मान डोलावली. मोठ्या गोड होत्या. बागेतून आलेल्या सगुणाबाईला "आधी पाणी प्या, मावशी," म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासूनच म्हणायचं होतं. मग त्यांनी तिला शेळीजवळ बसवलं, पदर नीट केला, शेळीच्या पाठीवर हात ठेवायला सांगितलं. चांदनी दोन पावलं सरकली. पुन्हा बसवलं, पुन्हा सरकली. कॅमेरावाला म्हणाला, घरची शेळी अशी का करते?

"आता सांगा, मावशी. कर्जामुळे तुमची गरिबी कशी गेली?"

सगुणाबाईनं गोरक्षकडे पाहिलं. त्यानं हळूच आठ बोटं दाखवली. ऐंशी हजार.

"ही शेळी किती वर्षांपासून तुमच्याकडे आहे?" मॅडमनी सोपं करून विचारलं.

"परवापासून."

"अच्छा! आणि त्याआधी?"

"त्याआधी खातूनबीची. तिचा नवरा सिव्हिलला पडलाय. तुमचा हप्ता चुकला म्हणून मी उचलून आणली. उद्या इकायचीय."

कॅमेरावाल्यानं डोळा कॅमेऱ्यावरून काढला. मॅडम गोंधळल्या, मग गंभीर झाल्या. "मावशी, असं होत नाही. आमच्याकडे कुणाची वस्तू उचलत नाहीत. आमची पॉलिसीच आहे. आमच्या माणसानं उचलली का?"

"नाय ना! तुमच्या माणसानं नायच उचलली!" सगुणाबाई उठून उभी राहिली आणि तिचा आवाज लागला. आजूबाजूच्या घरांची दारं उघडली. "तो लय सज्जन हाय. तो नुसता बसतो. उचलली मी! बावीस वर्षं जिच्यासंगं एका ओळीत काम केलं तिच्या दारात सतरा बाया घेऊन मी गेले. सावकार होता आमच्या सासऱ्याच्या वक्ताला, तो दारात यायचा तर त्याला शिव्या तरी देता यायच्या. आता शिव्या कुणाला देऊ? माझ्याच तोंडाला? सहाशे चाळीस रुपड्यांसाठी आमची सात हजाराची मजुरी बुडवली आन् वर आमच्याकडूनच म्हणवून घेता, मैत्रिणीच्या पाठीशी उभ्या राहू! पाठीशीच उभे राहिलो की. दारातून बाहेर काढायला!"

"मावशी, जरा शांत—"

"आन् एकतीस शेळ्या हव्यात ना? ही बघा. ही भागीची पिशवी. हे उज्वलाचे पत्रे. हा गुरुवारवालीचा हप्ता. एकाच शेळीवर सगळं गाव बसवलंय तुम्ही, तिची कंबर मोडली नाय हेच नवल. तुमच्या त्या यादीत दवाखाना का नाय ओ, मॅडम? शाळा का नाय? आमची माणसं आजारी पडत नाय का, नुसती शेळ्याच पाळती?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे सगुणाबाई अधिकच चिडली. तिला उत्तर हवं होतं आणि मिळत होतं पाणी.

तिनं खुंटीचा दोर सोडला. गोरक्ष पुढं झाला. "मावशी, ऐका. फाईल अडकेल. आणि माझ्या पगारातून कापतात हो, केंद्र लाल झालं की."

"मग तू पण आमच्या रांगेत येऊन बस," ती म्हणाली. "तुझी जागा तिथंच हाय, तुला कुणी सांगितलं नाय इतकंच."

शेळीला ओढावं लागलं नाही. तीच सगुणाबाईला ओढत गल्लीतून घेऊन गेली.

खातूनबी नुकतीच एसटीनं उतरून आली होती. तिनं दोर घेतला, आधी चांदनीचं पोट चाचपलं, मग डावा सड पाहिला. तो लाल झाला होता.

"हळू लाव म्हटलं होतं."

"चुकलं."

"दोन दिवस उपाशी ठेवली."

"खातच नव्हती."

"तुझ्या दारात कोण खाईल?" खातूनबी म्हणाली आणि शेळीला आत घेऊन गेली. "बैस" म्हणाली नाही. सगुणाबाई थोडा वेळ कुडाला धरून उभी राहिली आणि परत आली. व्यापाऱ्याला तिनं नको म्हणून कळवलं. सहाशे चाळीसचा भार तिच्यावर बसला. शनिवारी गोरक्षचा फोन आला की फाईल परत आली. कारण लिहिलेलं नव्हतं. कारण लिहायलाही यादीतलंच काहीतरी दाबावं लागत असणार.

मनालीनं कपाटातून जुना सदरा काढून धुऊन वाळत घातला. बागेत घालायला.

चौथ्या मंगळवारी तीन रांगा बसल्या. सगुणाबाईनं शपथ सांगितली नाही. अठरा हप्ते जमा झाले. या वेळी खातूनबी स्वतः आली होती. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी बुडवणार नाय. अन्सारला पुढच्या आठवड्यात सोडतील, मी कामाला लागली की दर मंगळवारी दोनशे जादा भरीन. आज नाय."

गोरक्षनं टॅब मांडीवर ठेवला. रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.

सगुणाबाई उठली, डब्याची पिशवी खांद्याला लावली. "मी चालले. ज्याला बसायचं त्यानं बसा."

"बरी चालली!" निकिता ताडकन म्हणाली. "तुझ्या पोरीची फी गेली, आता आमचं पण बंद पाड. मला पुढच्या महिन्यात पन्नास हजार मिळणार होते. गुरुवारवाल्याला काय तोंड दाखवू?"

"नको दाखवू."

"सोपं हाय बोलायला!"

"सोपं नाय, निकिता. मला तरी काय कळतं? पण आज मी तिच्या दारात जायची नाय, एवढं मला कळतं."

निकिताचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. सगुणाबाई आणि खातूनबीसकट अकरा जणी पिकअपमध्ये चढल्या. सात जणी निकितासोबत ओट्यावर राहिल्या. भागीबाईचा एक पाय पिकअपच्या फळीवर आणि एक जमिनीवर असा बराच वेळ गेला, मग ड्रायव्हरनंच तिचा निर्णय केला आणि हात धरून वर घेतली. गोरक्ष ओट्यावरून म्हणाला, "मावशी, मीटिंग संपलेली नाही!" पिकअप निघाली. पहिल्यांदाच त्याला जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हणावं लागलं होतं, आणि त्याचा आवाज फारच लहान निघाला.

पिकअपमध्ये मनाली आईच्या शेजारी होती. खातूनबी समोर, रस्त्याकडे तोंड करून. मनाली बोटांवर मोजत होती.

"काय मोजती?"

"आपण दोघी. आठशे रुपये दिवसाचे. ऐंशी हजाराला शंभर दिवस, तेही काही न खाता." ती थांबली. "हंगाम सत्तर दिवसांचा असतो ना, आई?"

सगुणाबाईच्या डोक्यात तो हिशोब वेगळ्याच जागी जाऊन अडकला. सहा वर्षं तिनं हप्त्याचे आकडे बायकांना तोंडपाठ करायला लावले. आणि या सहा वर्षांत मजुरी किती वाढली? तीनशेची चारशे. औषध महाग झालं, डिझेल महाग झालं, द्राक्षाची पेटी महाग झाली, ते मालक दर वर्षी सांगायचा आणि तिला पटायचं. टोळीची मजुरी पुरत नाही म्हणून बायका कर्ज काढायच्या, आणि कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून पडेल त्या मजुरीला जायच्या. आणि या दोन्हीकडे पुढं उभी कोण? सगुणाबाई गांगुर्डे. काचेतल्या कागदासकट.

बागेच्या फाटकाशी पिकअप थांबली. मालकाचा माणूस दीपक मग आणि बादल्या मांडून तयार होता.

"चला लवकर. आज चार एकर बुडवायचंय. उद्या गेलं तर मणी फुगत नाहीत. आणि बाराच जणी कशा?"

"बाकीच्यांचं नंतर बोलू," सगुणाबाई फाटकाच्या बाहेर उभी राहून म्हणाली. "आधी भाव बोल. पाचशे."

"काय?"

"पाचशे. आन् फवारणीच्या माणसाला चष्मा आन् तोंडाला बांधायचं. ते आधी आण, मग आम्ही आत."

दीपक हसला. मग कुणीच आत येत नाही हे पाहून थांबला. त्यानं मालकाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला.

"मालक म्हणतात चारशे वीस. आणि म्हणतात, आजपर्यंत सगुणाबाई असं कधी वागली नाही."

"त्यांना सांग, खरंय."

खातूनबी पिकअपमधून उतरली. सगुणाबाईच्या शेजारी आली नाही. फाटकाच्या दुसऱ्या खांबाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथून दीपकला म्हणाली, "ये पोरा, वरच्या विसात तुझा चहा पण नाय येत. नीट बोल."

ऊन वर चढत होतं. बागेत चार एकर घड औषधाची वाट बघत लटकले होते. दीपकनं पुन्हा फोन लावला.